सिक्लिडच्या पांढऱ्या शीवर काय घ्यावं: इंदूरच्या बाजारातली मेट्रोनिडाझोलची औषधं, पारखून

सिक्लिड हे काचेच्या टाकीत हौसेने पाळल्या जाणाऱ्या माशांचं एक कूळ. फ्लॉवरहॉर्न असो, ऑस्कर असो की आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पिवळे-निळे सिक्लिड. मासा काळवंडून कोपऱ्यात उभा राहिला, पेलेट, म्हणजे खाद्याचा दाणा, तोंडात घेऊन थुंकायला लागला आणि मागे पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी शी लोंबायला लागली, की मालक आधी माशांचं दुकान गाठतो. तिथलं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: "भिया, ये पीली वाली डाल दो, दो दिन में टनाटन." ती पिवळी पावडर कसली, हे पुडीवर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि ज्या औषधाने हा आजार खरोखर आटोक्यात येतो ते त्या दुकानात बहुतेक वेळा नसतंच. ते असतं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, माणसांच्या जुलाबासाठी ठेवलेलं.

त्या औषधाचं नाव मेट्रोनिडाझोल. गोळी, सिरप, सलाइनसारखी बाटली, आयात पावडर आणि आयात पुडी अशा पाच रूपांत ते मिळतं आणि पाचांचा उपयोग सारखा नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: साधी ४०० मिग्रॅची गोळी, मेडिकलमधून, बिलासकट. बाकीची रूपं कधी घ्यावीत आणि कधी अजिबात घेऊ नयेत, ते पुढे.

आधी आजार तोच आहे का

आतड्यात राहणाऱ्या, शेपट्या हलवत पळणाऱ्या एकपेशीय जिवांमुळे हे होतं. हौशी मंडळी सरसकट हेक्झामिटा म्हणतात. सिक्लिडमध्ये सापडतो तो बहुधा त्याचा भाऊबंद, स्पायरोन्यूक्लियस. औषध दोघांना एकच. थोड्या संख्येने हे जीव धडधाकट माशाच्या पोटातही असतात. पाणी बिघडलं, टाकीत दादागिरी वाढली, मासा लांबून पिशवीतून आला, की त्यांची संख्या फुगते आणि मासा खाणं सोडतो.

नुसती पांढरी शी म्हणजे हा आजार नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. दोन-तीन दिवस उपाशी असलेल्या माशाच्या पोटातून नुसता चिकट स्राव बाहेर पडतो आणि तोही पांढराच दिसतो. पोटात जंत असले तरी पांढरी शी होते. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या: शी पांढरी आणि लांब, भूक गेलेली, आणि पोट खपाटीला जाऊन रंग काळवंडलेला. तिन्ही असतील तर औषधाला हात घालावा. ओळखीत कुणाकडे चारशे पट दाखवणारा मायक्रोस्कोप असेल तर ताज्या शीचा कण टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच बघावा. जीव असतील तर ते थेंबभर सैरावैरा पळताना दिसतात. तासाभराने आणलेल्या शीत ते मेलेले असतात, मग काहीच दिसत नाही आणि 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून आपण गाफील राहतो.

डोक्यातली भोकं हा याच आजाराचा पुढचा, किंवा कधी कधी निराळाच, भाग. डोळ्याभोवती आणि कपाळावर माशाला निसर्गतः बारीक छिद्रं असतात. ती रुंदावतात, टाचणीच्या टोकाएवढी खळगी पडते, तिच्यातून पांढरा धागा बाहेर येतो, मग शेजारच्या दोन खळग्या एक होतात. व्हाइट स्पॉट या अंगावर पांढरे दाणे येण्याच्या आजाराशी याची गल्लत करू नये. व्हाइट स्पॉटचे दाणे वर आलेले असतात, अंगभर आणि परांवरही असतात. इथे खड्डा असतो आणि तो डोक्यावर असतो. मासा भोकं असूनही तुटून पडून खात असेल आणि शी तपकिरी, आखूड असेल, तर औषधाची घाई करू नये. तिथे दोष बहुधा नायट्रेटचा, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणाऱ्या क्षाराचा, आणि एकाच पेलेटवर वर्षभर काढलेल्या आहाराचा असतो.

आणि पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर उशीर झालेला आहे. मूत्रपिंडं गेलेली असतात. तिथे कोणत्याही दुकानातल्या कोणत्याही बाटलीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

४०० मिग्रॅची गोळी

फ्लॅजिल आणि मेट्रोजिल ही दोन नावं प्रत्येक मेडिकलमध्ये सापडतात, दोन्हींची २०० आणि ४०० मिग्रॅची गोळी येते. स्वस्त नावाची गोळीही चालते, फक्त घटकात मेट्रोनिडाझोल सोडून दुसरं काही नको. दहा-पंधरा गोळ्यांची पट्टी छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीतल्या नाश्त्यापेक्षा महाग पडत नाही, आणि एका पट्टीत तीन फुटी टाकीचा पूर्ण उपचार होऊन वर गोळ्या उरतात. औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे कायद्याने चिठ्ठी लागते. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टरही ती देऊ शकतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या पदवीधरांचे दवाखाने शहरात बरेच आहेत. माशाचा फोटो आणि टाकीचं माप घेऊन गेलं तर काम सोपं होतं. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात एका पट्टीसाठी जाण्यात अर्थ नाही, तो घाऊक व्यवहार; गल्लीतलं मेडिकल बरं.

गोळीचं पहिलं काम पाण्याच्या मापापासून सुरू होतं. टाकी 'दीडशे लिटरची' आहे असं दुकानदार म्हणतो, ते काचेचं माप असतं. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची इंचांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, ६१ ने भागायचं, की लिटर आले. ३६ बाय १५ ची टाकी, पाणी १६ इंच: ८,६४० भागिले ६१, म्हणजे साधारण १४१ लिटर. खडे, दगड, फिल्टर वजा केले की हातात १३० उरतात. मलावीच्या टाकीत दगडांचा डोंगर असतो, तिथे चौथा हिस्सासुद्धा वजा होऊ शकतो. तिथे पुढच्या पाणीबदलाच्या वेळी बादल्या मोजणं हेच खरं माप.

प्रमाण लिटरला साधारण ६.६ मिग्रॅ. १३० लिटरला ८५८ मिग्रॅ होतात. ४०० च्या दोन गोळ्या टाकल्या की ८०० होतात, तेवढं पुरे. गोळीचा तुकडा मोडून हिशेब जुळवत बसायची गरज नाही.

मेट्रोनिडाझोल पाण्यात फारसं विरघळत नाही, २० अंशांना एका मिलिलिटरमध्ये साधारण १० मिग्रॅ. म्हणून गोळी तशीच टाकीत टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ती तळाला खड्यांत जाऊन बसते, वरचं आवरण फुगतं, एखादा ऑस्कर ती गिळायलाही बघतो. दोन्ही गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटायच्या, नाकावर मास्क बांधून. हा खल मग स्वयंपाकघरात परत जायला नको. ही पूड २०० मिली कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ढवळायची. वर पिवळसर झाक असलेलं पाणी आणि खाली पांढरा गाळ दिसतो. गाळ हा गोळी बांधायला वापरलेल्या स्टार्च-टाल्कचा असतो, औषधाचा नव्हे. जुन्या सुती रुमालाच्या दोन घड्यांतून गाळून वरचं पाणी फिल्टरच्या धारेसमोर थोडं थोडं ओतायचं.

त्याआधी फिल्टरमधला कोळसा काढलेला हवा. हे सांगून सांगून तोंड दुखतं, तरी निम्म्या ठिकाणी हाच घोळ सापडतो. काळा कोळसा ठेवून औषध टाकलं तर ते काही तासांत कोळशात जाऊन बसतं आणि मग "गोळीने काही होत नाही" असा प्रचार सुरू होतो. यूव्ही दिवा बंद ठेवायचा. टाकीचा दिवाही तीन दिवस बंद, कारण उजेडात हे औषध खराब होतं. स्पंज आणि सिरॅमिक रिंग जिथल्या तिथे राहू द्यायच्या. या मात्रेत फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना सहसा धक्का लागत नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी बदलून पुन्हा पूर्ण डोस, तिसऱ्या दिवशी तसंच. आधीचं उरलेलं धरूनही तिसऱ्या डोसनंतर पाण्यात लिटरला ११ मिग्रॅच्या आतच औषध राहतं, ते माशाला सोसतं. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदलायचं आणि आता कोळसा पुन्हा घालायचा.

इथे इंदूरची खरी अडचण येते: पाणी. तीन फुटी टाकीला दुसऱ्या ते चौथ्या दिवशी रोज ६५ लिटर लागणार, आणि नर्मदेचा नळ बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतो. म्हणून औषध आणण्याआधी २०० लिटरचा झाकणाचा ड्रम भरून ठेवायचा, त्यात एअर स्टोन सोडायचा, आणि घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्ण ड्रमला दोन ग्रॅमच्या आसपास टाकायचे. ड्रम जेमतेम पुरतो, मध्ये नळ येईल तेव्हा परत भरायचा. नळाला पाणी नाही म्हणून मध्येच बोअरचं सोडलं, असं करू नये. नर्मदेचं आणि बोअरचं पाणी क्षारांत फार वेगळं असतं, आजारी माशाला तो बदल औषधापेक्षा जड जातो. टाकी आधीपासून बोअरवर असेल तर बोअरवरच ठेवावी. आणि घरच्या आरओचं पाणी "स्वच्छ" म्हणून ओतणाऱ्यांना काय म्हणावं! त्यातले खनिज आधीच निघून गेलेले असतात, आणि भोकं पडलेल्या माशाला नेमकी त्यांचीच उणीव असते.

खाद्यातून देणं जास्त चांगलं

मासा थोडंसुद्धा खात असेल तर पाण्यात औषध ओतण्यापेक्षा खाद्यातून द्यावं. जीव आतड्यात आहेत. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे पाण्यातलं औषध आतड्यापर्यंत कमीच पोचतं. खाद्यातून ते थेट तिथे जातं, आणि १३० लिटरऐवजी मूठभर खाद्यावर काम भागतं.

अडचण एकच, मेट्रोनिडाझोल कडूजहर असतं. पेलेटवर पूड भुरभुरवून दिली तर निम्मी पाण्यात धुतली जाते आणि उरलेली चाखून मासा थुंकतो. म्हणून ती आत बांधावी लागते. जिलेटिन चालतं, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत ते आणायला नको वाटतं. किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास तेवढंच काम करतं.

नेहमीचे पेलेट ४० ग्रॅम मिक्सरमध्ये दळून घ्यायचे. चायना ग्रास एक ग्रॅम, बारीक कातरून, ६० मिली पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं. आटलं तर गरम पाण्याने परत ६० करायचं. खाली उतरवून त्यात दळलेलं खाद्य, लसणाच्या एका पाकळीचा रस आणि ४०० मिग्रॅच्या एका गोळीची पूड घालून भराभर कालवायचं. वेळ इथेच महत्त्वाची आहे. बोट बुडवता येईल इतपत कोमट झालं की लगेच मिसळायचं, कारण चायना ग्रास ४० अंशांच्या खाली आलं की हातातच घट्ट होतं आणि मग पूड एका जागी गोळा होऊन बसते. एका घासात काहीच नाही आणि दुसऱ्यात सगळी, असं व्हायला नको. ताटलीत पातळ थापून, गार झाल्यावर पेलेटच्या आकाराचे तुकडे कापून फ्रीझरमध्ये, डब्यावर ठळक अक्षरांत 'माशाचं औषध' लिहून.

हे सगळं मिळून १०० ग्रॅम होतं आणि एका ग्रॅममध्ये ४ मिग्रॅ औषध बसतं. माशाला रोज त्याच्या वजनाच्या किलोमागे ५० मिग्रॅ हवं. आठ-नऊ इंची फ्लॉवरहॉर्न ३०० ग्रॅमच्या आसपास धरला तर त्याला रोजचे १५ मिग्रॅ, म्हणजे या खाद्याचे जेमतेम पावणेचार ग्रॅम. थोड्या खाद्यात मुद्दाम एवढं औषध घालायचं, कारण आजारी मासा चार घासांच्या वर घेत नाही. पाच दिवस रोज एवढंच द्यायचं, दुसरं काही नाही. पोट भरलेल्या माशाला औषधाचा घास दिला तर तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उरलेला तुकडा दहा मिनिटांत जाळीने काढून टाकावा.

मासा घास घेतच नसेल तर आधी तीन दिवस पाण्यातून द्यावं, भूक जरा उघडली की पाच दिवस खाद्यातून. हा क्रम सगळ्यात भरवशाचा. पांढरी शी बहुधा या आठवड्यातच आखूड होऊन रंगावर येते. तसं झालं नाही तर आठवडाभर थांबून एकदा पुन्हा द्यावं. तरीही काही नाही, तर निदानच चुकलेलं आहे. गोळ्या वाढवत नेऊ नयेत.

बाकीच्या बाटल्या आणि पुड्या

सिरप. लहान मुलांसाठी येतं, पाच मिलीत २०० मिग्रॅ. "विरघळवायची कटकट नाही" म्हणून लोक हेच उचलतात आणि पस्तावतात. एकतर त्यात भरपूर साखर असते. टाकीत साखर गेली की दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात आणि आजारी मासा वर येऊन धापा टाकतो. दुसरं म्हणजे सिरपातलं मेट्रोनिडाझोल बेंझोएट रूपात असतं. ते कडू लागू नये म्हणून तसं बनवलेलं, आणि पाण्यात ते गोळीतल्यापेक्षाही कमी विरघळतं. पाण्यासाठी सपशेल नापास. खाद्यात कालवायला चालू शकेल, कडूपणा कमी म्हणून मोहही होतो, पण गोळी असताना साखर कशाला?

शिरेतून द्यायची बाटली. १०० मिलीत ५०० मिग्रॅ, आधीच विरघळलेलं, गाळ नाही. पाण्यात ओतायला महाग पडते: १३० लिटरच्या एका डोसला १७० मिली, म्हणजे पावणेदोन बाटल्या. पण एका कामासाठी ही बाटली झकास आहे. कोरडे, सच्छिद्र पेलेट एक ग्रॅम घेऊन त्यावर एक मिली थेंबाथेंबाने सोडायचं, पूर्ण शोषेपर्यंत थांबायचं. एका ग्रॅम पेलेटला ५ मिग्रॅ औषध बसतं. वर्षानुवर्षं एकाच ब्रँडचा दाणा खाणारा, चायना ग्रासच्या तुकड्याला तोंड न लावणारा फ्लॉवरहॉर्न असतो ना, त्याच्यासाठी हा मार्ग. मऊ झालेला दाणा पाण्यात पडताच खाल्ला गेला पाहिजे, नाहीतर औषध सुटतं. त्यातलं थोडं मीठ सिक्लिडला बाधत नाही. उघडलेली बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी.

सीकेम कंपनीचं मेट्रोप्लेक्स, म्हणजे ती आयात पावडर. पाच ग्रॅमची छोटी डबी, आत इवलासा चमचा. एका चमच्याला साधारण १०० मिग्रॅ पावडर, ४० लिटरला एक ते दोन चमचे, दर ४८ तासांनी, हे कंपनीचं माप. पावडर बारीक, आवरणाचा गाळ नाही, हिशेब सोपा. खाद्यात बांधायला त्यांचंच फोकस नावाचं दुसरं औषध बरोबर घ्यायला सांगतात. काम चांगलं करतं, पण आत औषध तेच मेट्रोनिडाझोल, आणि पैसे कितीतरी पट. लहान टाकीत, नाजूक डिस्कस माशाला, आणि गोळी कुटायचा ज्याला वैताग आहे त्याने घ्यावं. २०० लिटरच्या वरच्या टाकीला ती डबी परवडत नाही. घेताना सील बघावं. पुडीत सुटी करून विकलेली पावडर त्याच नावाने दिली तरी घेऊ नये.

एपीआय कंपनीचं जनरल क्युअर, म्हणजे ती आयात पुडी. एका पुडीत २५० मिग्रॅ मेट्रोनिडाझोल आणि ७५ मिग्रॅ प्राझिक्वांटेल, १० अमेरिकन गॅलन म्हणजे ३८ लिटरला एक पुडी, ४८ तासांनी दुसरी. हिशेब केला तर मेट्रोनिडाझोलचं प्रमाण वर दिलेल्या ६.६ वरच येतं. प्राझिक्वांटेल चपट्या जंतांवर आणि कल्ल्यांतल्या फ्लूक नावाच्या परजीवी कृमींवर चालतं. मासा खात नाही, शी पांढरी आहे आणि शिवाय अंग दगडावर घासतोय, अशा मिश्र लक्षणांत हीच पुडी बरी. नुसत्या पांढऱ्या शीसाठी तीन फुटी टाकीला एका वेळी साडेतीन पुड्या, म्हणजे दोन डोसांना सात, हा उधळेपणा. गोल जंतांवर मात्र यातलं काहीच चालत नाही, त्याला लेव्हामिसोलसारखं औषध लागतं.

मेडिकलमधल्या जोड-गोळ्या. हा सापळा फार मोठा. साधी मेट्रोनिडाझोल संपली असेल तर काउंटरवरचा पोरगा "सेमच है" म्हणून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल पुढे करतो. माणसाच्या जुलाबाला ती चालत असेल. टाकीत तिच्यातलं अँटिबायोटिक फिल्टरच्या जिवाणूंवरही हात टाकू शकतं, मग अमोनिया चढतो. बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या घरात असला तर हे प्रकरण आणखी वाईट, कारण पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो. मासा आजाराने नव्हे, उपचाराने मरतो. पट्टीच्या मागचा घटक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि ती पिवळी पुडी. बिननावाची, स्टेपल मारलेली. तीत अ‍ॅक्रिफ्लेविन असेल, ऑक्सिटेट्रासायक्लिन असेल, आणखी काही असेल. सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. अ‍ॅक्रिफ्लेविन अंगावरच्या बुरशी-जखमेचं औषध, आतड्यात ते काही करत नाही. टेट्रासायक्लिन तर आपल्या जड पाण्यात निम्मी लढाई आधीच हरलेलं असतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला जखडून ठेवतात, पाणी जितकं जड तितकं औषध निकामी. मेट्रोनिडाझोलला ही अडचण नाही, आणि बोअरवरच्या टाकीसाठी त्याच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. निळी बाटली, म्हणजे मेथिलीन ब्लू, अंड्यांवर आणि बुरशीवर चांगली. इथे नको, शिवाय फिल्टर मारते. बदामाच्या पानांनी पाणी चहासारखं सुंदर दिसतं, हेक्झामिटा मरत नाही.

मॅगसल्फ तेवढं ठेवण्यासारखं आहे. मेडिकलमध्ये मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट, खतांच्या दुकानातलं नव्हे. मलावीच्या शाकाहारी सिक्लिडचं पोट तटतटलं असेल, खवले अजून बसलेले असतील, तर ४० लिटरला एक मोठा चमचा, बादलीत विरघळवून, मेट्रोनिडाझोलच्या जोडीने. मासा खात असेल तर खाद्याच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ४० ग्रॅम खाद्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन दिवस. हे पोट साफ करायला, जीव मारायला गोळी लागतेच. मलावीत एकाला झालं की सगळ्या टाकीला औषध द्यावं, कारण सगळे एकच खाद्य खातात आणि एकमेकांची शीही चोखतात. त्यांना चिकन, बीफ हार्ट, लाल पेलेट देणं बंद करून स्पिरुलिनाचं खाद्य सुरू केलं नाही तर महिन्याभरात पुन्हा हेच.

कुठे फसतं

उष्णतेचा गैरसमज सगळ्यात पसरलेला. व्हाइट स्पॉटला ३० अंश चालतं म्हणून इथेही हीटर वाढवतात. स्पायरोन्यूक्लियस २८ ते ३१ अंशांत मजेत वाढतो. तापमानाचं काम फक्त एवढंच की मासा गारठू नये आणि त्याचं पचन चालू राहावं: २७-२८ वर स्थिर. इंदूरच्या मे महिन्यात टाकी हीटरशिवाय ३१-३२ ला जाते, तेव्हा झाकण उघडून पंखा लावायचा आणि हवेचा दगड दुप्पट करायचा. डिसेंबर-जानेवारीत उलटं, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा तीन फुटी टाकीला १५० वॉटचा हीटर हवा, आणि साठवलेल्या ड्रमचं पाणीही टाकीच्या तापमानाला आणूनच सोडायचं.

वेगळ्या टाकीत उपचार करायचे तर ती टाकी कोरी नको. नवा स्पंज लावलेल्या नव्या टाकीत दुसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज उचलून इकडे लावावा, तळाला खडे घालू नयेत म्हणजे शी दिसते. रोज सकाळी ती पाइपने ओढून घ्यावी. खाली पडलेली शी पुन्हा टोचली गेली की आजार फिरून पोटात.

नायट्रेट मोजायचा किट गोळ्यांच्या पट्टीपेक्षा महाग असतो, म्हणून लोक तो टाळतात. पण किटशिवाय अर्धा उपचार अंधारात. टाकीतलं नायट्रेट लिटरला २० मिग्रॅच्या आसपास ठेवावं. ४० च्या वर असेल तर भोकं पुन्हा पडतात, मेट्रोनिडाझोल कितीही द्या. एक चाचणी टाकीच्या पाण्याची आणि एक भरायच्या पाण्याची, अशा दोन्ही कराव्यात. बोअरच्या पाण्यातच नायट्रेट भरलेलं निघालं तर पाणी बदलून ते कमी होणार कसं? तिथे नर्मदेच्या पाण्यावर हळूहळू, आठवड्याला पाचवा हिस्सा बदलत, टाकी नेणं हाच उपाय.

भोकं भरायला वेळ लागतो. औषधाने पांढरा धागा थांबतो, कडा लाल न राहता फिकट होतात, मग आठवडे, मोठ्या ऑस्करमध्ये महिने. खोल खड्ड्यांचे वण राहतात. त्यांत मेट्रोनिडाझोलचं जेल बोटाने भरणारे आहेत. ते पाण्यात धुऊन जातं आणि मासा हाताळल्याने अंगावरचा चिकट थर निघतो तो वेगळाच तोटा. त्यापेक्षा आहार बदलावा: व्हिटॅमिन सी असलेले ताजे, हल्लीच पॅक झालेले पेलेट, आठवड्यातून दोनदा कोळंबी किंवा उकडलेला वाटाणा. किलो-किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेतली आणि सहा महिने उघडी ठेवली, तर त्यातलं व्हिटॅमिन सी केव्हाच गेलेलं असतं.

उरलेली पट्टी अंधारात, मूळ वेष्टनात ठेवावी. विरघळवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी साठवू नये, रोज ताजं करावं. औषधाचं काढलेलं पाणी कुंडीला, विहिरीला, बागेतल्या तळ्याला नाही, ड्रेनेजला. आणि शेततळ्यात रोहू-कटला-तिलापिया पाळणाऱ्यांनी यातलं काहीही उचलू नये. तिलापिया हाही सिक्लिडच, पण खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या माशांना मेट्रोनिडाझोल द्यायला भारतात बंदी आहे.